मंगनबावु म्हणजे माकडताप का?

खानापूरकडच्या एका ताईंनी विचारलंय, मुलाचा गाल सुजलाय आणि शेजारच्या कन्नड बाई म्हणाल्या मंगनबावु झालाय, तर हाच का तो पेपरात येतो तो माकडताप?

नाही हो ताई. कन्नडात मंग म्हणजे माकड आणि बावु म्हणजे सूज, म्हणजे हे आपलं गालगुंड, कोण गालफुगी पण म्हणतं. कानाखालची लाळेची गाठ सुजते आणि पोराचं तोंड कसं दिसतंय, तर देवळापुढं खोबरं हिसकावून गालात कोंबून बसलेलं माकड बघा, तसंच. लाल तोंडाच्या माकडाला गालात पिशवी असते, काळ्या तोंडाच्या वानराला नसते, त्यामुळं नाव ठेवणाऱ्यानं माकडच बघितलं असणार असा आपला माझा अंदाज. बाकी माकडाचा या रोगाशी काय संबंध नाही, व्हायरस माणसाच्या थुंकीतनं, खोकल्यातनं पसरतो, म्हणून सूज आल्यापासून 5 दिवस तरी पोराला शाळेत धाडू नका. सरकारी लसीत गोवर-रुबेला असतं, गालगुंड नसतं, ते खाजगीत एमएमआर घेतली तरच. वयात आलेल्या मुलग्यांना कधी कधी अंडाला सूज येते, तेवढं लक्ष ठेवा आणि डॉक्टरला दाखवा.

माकडतापाला कन्नडात मंगन कायिले म्हणतात, कायिले म्हणजे आजार. दोन्हीकडं मंगन आलं की ऐकणाऱ्याचा घोळ होणारच. हा 1957 साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा सापडला, आणि 2016 ला आपल्या शेजारच्या दोडामार्गातही आला. यात गाल सुजत नाही, एकदम जोराचा ताप, डोकं फुटायची वेळ, अंग मोडून येतं, काहींना नाका-हिरड्यांतनं रक्त येतं. देते कोण, तर जंगलातली बारकी गोचीड, कन्नडात उणुगु. माणसाकडनं माणसाला होत नाही. म्हणून मला माकडताप हे नाव काय पटत नाही, माकडं स्वतःच यानं पटापट मरतात आणि नाव मात्र त्यांच्यावर, गोचीडताप म्हटलं असतं तर काजू काढायला, लाकडं आणायला जाणाऱ्याला कशाला भ्यायचं ते तरी कळलं असतं.

दवाखान्यात कन्नड डॉक्टर असले तर नुसतं "मंगन" म्हणून थांबू नका, बावु का कायिले ते पुरतं सांगा.