डुप्लिसिटी म्हणजे काय? डुप्लिकेटशी त्याचा काही संबंध आहे का?

संबंध आहे, पण अर्थ पार वेगळा. मला हा फरक आमच्या काकांमुळे कायमचा पाठ झाला.

काकांचा सोलापुरात चादरींचा छोटा कारखाना आहे. परराज्यातल्या एका पार्टीला त्यांनी 'याहून कमी रेट कुणालाच नाही' असं छातीठोक सांगितलं आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या पार्टीला कमी रेटने माल दिला. बाजारात असलं काही लपत नाही. पहिल्या पार्टीचा ईमेल आला. त्यात एक ओळ होती : 'वी आर शॉक्ड बाय युअर डुप्लिसिटी.'

काका भडकले. "आपल्या मालाला डुप्लिकेट म्हणतोय बे!" त्यांच्या रागालाही कारण होतं. सोलापुरी म्हणून बाहेरचा माल खपवतात, त्यामुळे इथे 'डुप्लिकेट' ही शिवीच आहे. मला न विचारता त्यांनी उत्तरात मागाचे, लेबलचे, नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड यंत्राच्या पंचकार्डांचे फोटो पाठवले. पार्टी आणखीच पेटली.

डुप्लिसिटी म्हणजे दुटप्पीपणा. ह्याला एक सांगायचं, त्याला एक. ओठात एक, पोटात एक. दोन्ही शब्दांचं मूळ लॅटिनमधल्या 'डुप्लेक्स'मध्ये, म्हणजे दुहेरी, दोन पदरी. त्यातला 'डु' आणि आपल्या 'दुहेरी'तला 'दु' हे लांबचे भाऊच. डुप्लिकेटमध्ये वस्तू दोन होतात, डुप्लिसिटीमध्ये माणूस.

वापरताना एक लक्षात ठेवा. कुणी एकदा खोटं बोललं तर तेवढ्याला डुप्लिसिटी म्हणत नाहीत, ते नुसतं खोटं. दोन तोंडं हवीत आणि समोरच्याला फसवायचा हेतूही हवा. हिपॉक्रसी जवळची असली तरी ती ढोंगाकडे झुकते : लोकांना उपदेश करायचा आणि स्वतः उलटं वागायचं. माणसाचं वर्णन करायचं तर विशेषण 'डुप्लिसिटस'. शब्द जरा भारदस्त आहे. लेखात, नोटिशीत शोभतो. मित्राला चहाच्या टपरीवर म्हणायचं असेल तर 'टू-फेस्ड' बरा.

इंग्लंडच्या कायद्यात मात्र याच शब्दाला लबाडीचा वासही नाही. एकाच आरोपात दोन वेगळे गुन्हे कोंबले, तर आरोप मांडण्यातल्या त्या दोषाला डुप्लिसिटी म्हणतात. तिथे फक्त जुना 'दुहेरी' हा अर्थ उरलाय. आमची जॅकार्ड चादरही तशी दुहेरीच : पालटली की तीच नक्षी उलट्या रंगांत दिसते. पण ती दोन्ही बाजू उघड दाखवते, म्हणून तिला कुणी दुटप्पी म्हणत नाही.

काकांना हे सगळं सांगितलं, तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे मालाला काही म्हटलं नाही ना त्यानं?"