सोलापुरात रोज चालवायला १४ हजारांची फिक्सी घेतली आहे, आधी कोणता पार्ट बदलू?

तुम्ही लिहिलंय की फिक्सी, म्हणजे चाकाबरोबर पायडल सतत फिरत राहणारी सायकल, १४ हजारांची, हातात अजून ६ हजार, आणि रोज जुळे सोलापूर ते केगावचं विद्यापीठ. गिअर ४८/१६, म्हणजे पुढे ४८ दात नि मागे १६, चढाला जड जातोय. डीप रिम (खोल कडांची रिंग) घेऊ की नवा क्रँक (पायडल ज्याला बसतं तो दांडा), असा प्रश्न आहे. माझ्या मते दोन्ही नको. आधी मागचं चाक काढा आणि हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याची, ती बाजू नीट बघा जिथं कॉग, म्हणजे मागचं दातेरी चक्र, बसलाय.

खऱ्या फिक्स्ड हबला त्या बाजूला दोन पायऱ्यांचे आटे असतात. आतल्या मोठ्या आट्यांवर कॉग फिरवून बसवायचा. बाहेरच्या लहान आट्यांवर लॉकरिंग, म्हणजे कॉगला जागेवर धरणारी कडी, बसते आणि ते आटे उलटे असतात. तुम्ही पाय मागे दाबून सायकल थोपवता तेव्हा कॉग सुटायला बघतो, पण तो सुटायला लागला की लॉकरिंगला आवळूनच घेतो. सगळी गंमत या उलट्या आट्यांत आहे. हबला एकच पायरी दिसली तर तो साध्या फ्रीव्हीलचा, म्हणजे पाय थांबवले तरी चाक फिरू देणाऱ्या चक्राचा, हब आहे आणि त्यावर कोणीतरी कॉग चढवून दिलाय.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझी पहिली फिक्सी भंगारातून आणलेल्या फ्रेमवर केलेली. फ्रीव्हीलचे आटे आणि बीबीच्या (दोन क्रँकमधल्या बेअरिंगच्या) लॉकरिंगचे आटे एकाच मापाचे असतात, १.३७ इंच आणि इंचाला २४ आटे. म्हणून जुन्या बीबीची लॉकरिंग कॉगच्या बाहेरून आवळली की झालं, असं मला वाटलं. बाळीवेशीकडच्या चाचांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, "हे राहत नसतंय बे. उलटा जोर बसला की निघतंय." मी हसलो. गावात सहा आठवडे काही झालं नाही. मग एका रविवारी तुळजापूरला गेलो आणि परत येताना घाटात पाय मागे दाबले तर पायडल एकदम हलकं झालं, विहिरीत सोडलेल्या रिकाम्या बादलीसारखं. लॉकरिंग नि कॉग दोन्ही सुटले होते, कारण दोघांचे आटे सुलटेच. मागचा ब्रेक मी फॅशन म्हणून काढून टाकलेला. पुढचा फक्त आईच्या कटकटीमुळे राहिला होता, म्हणून आज हे उत्तर लिहितोय.

तुमचा हब दोन पायऱ्यांचा असेल तर बहुतेक पैसे वाचले. चांगला स्टीलचा कॉग आणि लॉकरिंग घ्या, आटे साफ करून ग्रीस लावा आणि कॉग जीव खाऊन आवळा. कॉग आवळायचा चेन व्हिप नसेल तर लोखंडी पट्टीला जुन्या चेनचा तुकडा बोल्टने बांधून कुठलाही मिस्त्री करून देतो. लॉकरिंगला हूक पाना लागतो, छिन्नी-हातोडी नको. पन्नासेक किलोमीटर झाल्यावर लॉकरिंग पुन्हा आवळा. चढावर पायांच्या जोराने कॉग आणखी आत बसतो आणि लॉकरिंग ढिली पडते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

एकाच पायरीचा निघाला तर हब बदलणं हाच खर्च. फ्रेमच्या ज्या दोन टोकांत मागचं चाक बसतं त्यांमधलं अंतर मोजा, फिक्सीला साधारण १२० मिलिमीटर असतं. रिंगची भोकं मोजा, ३२ की ३६, आणि तेवढ्याच भोकांचा हब आणा. चाक बांधायला गावात जुने हात अजून आहेत. नव्या हबला आरे वेगळ्या लांबीचे लागू शकतात, म्हणून हब त्यांच्या हातात देऊनच आरे ठरवा.

दुसरा खर्च पुढच्या ब्रेकवर. थांबताना वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं आणि घसरायला लागतं. त्यामुळे पायांनी पायडल अडवून, मागचं चाक घसरवत कितीही झकास स्किड मारलात तरी पुढच्या ब्रेकची बरोबरी होत नाही. पुण्याला बालेवाडीच्या ट्रॅकवर बिनब्रेकच्या सायकली पळतात, कारण तिथं सगळे एकाच दिशेने जातात आणि मधे रिक्षा वळत नाही. आपल्या सात रस्ता चौकात तसं काही नसतं. सायकलसोबत आलेला ब्रेक पत्र्यासारखा वाकत असेल तर नवा कॅलिपर घ्या, नाहीतर नुसते चांगले रबर आणि नवी केबल टाकली तरी फरक कळतो. नवा घेताना फोर्कच्या भोकापासून रिमच्या ब्रेक लागणाऱ्या पट्टीपर्यंतचं अंतर मोजून न्या. ते जुळलं नाही तर रबर टायरला घासतो.

आता गिअर. क्रँक बदलायचा विचार तुमच्या डोक्यात इथूनच आला असणार. १४ हजारांच्या सायकलला चेनव्हील (पुढचं दातेरी चक्र) बहुधा क्रँकला रिव्हेट मारून पक्कं केलेलं असतं, म्हणजे पुढचे दात बदलायचे तर अख्खा क्रँक बदला. पण तशी गरजच नाही. मागे एक दात वाढवला की पुढचे तीन कमी केल्यासारखं होतं.

हिशोब असा. ७०० बाय २८ च्या चाकाचा घेर सुमारे २.१४ मीटर. ४८/१६ म्हणजे पायडलच्या एका फेरीत चाकाच्या ३ फेऱ्या, साधारण ६.४ मीटर. मिनिटाला ८० फेऱ्या मारल्या तर ताशी ३१ च्या आसपास वेग. सपाट रस्ता, पाठीशी वारा आणि पोटात नाश्ता असेल तर छान. सिग्नलवरून पुन्हा पुन्हा निघायचं, उड्डाणपूल चढायचा, समोरून वारा, तिथं गुडघे बोलायला लागतात. मागे १९ दातांचा कॉग टाका. एका फेरीत ५.४ मीटर आणि त्याच ८० फेऱ्यांना ताशी २६. उतारावर मात्र ताशी ४० ला आता मिनिटाला १२३ फेऱ्या पायांना माराव्या लागतील, आधी १०४ लागायच्या. घाट उतरताना ब्रेक दाबत उतरा.

१९ सुचवण्याचं दुसरं कारण टायरचं आहे. स्किड मारताना तुमचा पाय दरवेळी एकाच जागी अडतो, त्यामुळे टायरही ठरावीक जागीच घासतो. ४८/१६ ला संक्षेप दिला की ३/१ येतो. खालचा आकडा १, म्हणजे एकच पाय पुढे ठेवून स्किड मारणाऱ्याचा टायर एकाच ठिकाणी झिजणार. माझा मित्र महिन्यात ट्यूब दिसेपर्यंत गेला होता. ४८/१८ म्हणजे ८/३, तीन जागा. ४८/१९ ला भागच जात नाही, म्हणून १९ जागा, आणि झीज सगळ्या टायरभर वाटली जाते. शाळेतला अपूर्णांक मला दुसरीकडे कुठंच कामाला आलेला नाही.

तीन दात वाढले की चाक साधारण १ सेंटिमीटर पुढे सरकवावं लागेल. मागच्या खाचेत तेवढी जागा असेल तर चेन तीच चालते. कॉग घेताना जाडी बघा: चेन १/८ इंचाची असेल तर १/८ इंचाचाच कॉग. पुढचं चेनव्हील आणि मागचा कॉग एका रेषेत हवेत, नाहीतर करकर थांबत नाही. मधोमध चेन वर-खाली अर्धा इंच हलली पाहिजे. चेनव्हील फिरवून बघा, कुठेतरी ती जास्त ताणते, ढिलाई त्या जागी तपासा.

टायरसाठी सोलापूरचा वेगळा नियम आहे आणि तो वेड्या बाभळीने केलाय. रस्त्याच्या कडेला एकदा चाक उतरलं की काटा बसलाच. बारीक २३ मिलिमीटर रुंदीचा टायर दिसायला भारी, पण आपल्याकडे २८, आणि फ्रेममध्ये जागा असेल तर ३२, आतून काट्याविरुद्धची पट्टी असलेला. मागचा आधी घ्या, पुढचा पुढच्या पगाराला किंवा घरून पैसे आले की.

डीप रिमला नाही म्हणतोय त्याचंही कारण पंक्चरच आहे. खोल रिंगेला लांब व्हॉल्व्हची ट्यूब लागते आणि विजापूर रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे ती मिळेल या भरवशावर निघू नका. स्वस्तातली डीप रिम जडही असते, आणि जूनच्या आडव्या वाऱ्यात पुढचं चाक हातातून ओढून नेते. फोटोला मात्र छान येते, हे मान्य.

बीबीला हात लावून बघा. क्रँक धरून आडवा हलवल्यावर खडखडला तर सीलबंद कार्ट्रिज टाका, धूळ जायचा प्रश्न मिटतो. नाही हलला तर राहू द्या. क्रँक कधी बदलाच तर १६५ मिलिमीटरचा घ्या, कारण वळणावर पायडल थांबत नाही आणि लांब क्रँक जमिनीला टेकतो.

पायडलला पट्टे मात्र लगेच लावा. पाय निसटला तर फिरतं पायडल नडगीवर येतं. चपलेवर चालवू नका, पँटचा पाय वर दुमडा, आणि गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत सायकल हातात धरूनच चाला. चेन पुसताना चाक फिरवत फडकं धरायचं तर कधीच नाही. साध्या सायकलची चेन बोट अडकल्यावर थांबू शकते. ही थांबत नाही, फिरत्या चाकाचा सगळा जोर बोटावर येतो.

६ हजारांत कॉग, लॉकरिंग, पुढचा ब्रेक, मागचा टायर आणि पट्टे बसायला हरकत नाही. हबच बदलावा लागला तर टायर पुढच्या महिन्यावर ढकला, ब्रेक नाही. आणि १५ मिलिमीटरचा पाना पहिल्या दिवसापासून बॅगेत असू द्या. मागच्या चाकाला झटक्यात निघणारा खटका नसतो, नट असतात, आणि केगावच्या वाटेवर पंक्चर झालं की ते कुठल्याही चावीने उघडत नाहीत.