पुनर्विकासात तळमजल्यावर दुकाने: नकाशा मंजूर होण्याआधी काय ठरवावे

मुलुंडच्या आपल्या सोसायटीसाठी विकासकाने रस्त्याकडेला तळमजल्यावर दुकाने व वर सदनिका असा आराखडा दिला आहे, आणि वस्तीतील अशा दुकानांना नियम नेमक्या कोणत्या अटी घालतात, असे आपण विचारले आहे. वास्तुविशारद म्हणून माझे मत असे की, दुकाने बांधता येतील की नाही याचे उत्तर नियमावलीत सापडते. पण शटर आणि पदपथ यांच्यामधल्या पट्ट्याचे काय करायचे, हे सोसायटीलाच ठरवावे लागते आणि बहुतेक ठिकाणी घोटाळा तिथेच होतो.

मुंबईच्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत साधा निवासी विभाग आणि दुकानांच्या रांगेसह निवासी विभाग असा भेद होता, आणि रोजच्या गरजेच्या दुकानाला साधारणपणे 20 चौरस मीटर चटईक्षेत्राची मर्यादा होती. सप्टेंबर 2018 पासून लागू झालेल्या, 2034 पर्यंतच्या विकास आराखड्याच्या नियमावलीत मिश्र वापराला अधिक वाव आहे. तरीही कोणता व्यवसाय चालेल, हे बऱ्याच अंशी समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. म्हणून डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यात आपल्या भूखंडाबाबत काय दाखवले आहे याचा महापालिकेचा अभिप्राय, मागवून रस्तारुंदीकरणाची रेषा आधी पाहावी, कारण दुकानांची दर्शनी भिंत त्या रेषेच्या आतच धरावी लागेल.

आता त्या पट्ट्याविषयी. दक्षिण मुंबईत, आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर, म्हणजे तेव्हाच्या हॉर्नबी रोडवर, 1896 च्या नियमाने प्रत्येक इमारतीला तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा सलग व्हरांडा ठेवणे बंधनकारक केले होते. इमारती निरनिराळ्या शैलींच्या असूनही तो रस्ता एकसंध दिसतो आणि पावसातही तिथे खरेदी करता येते, याचे श्रेय त्या एका अटीला आहे. आपल्याकडे छत आखलेले नसले, की पहिल्याच जूनमध्ये दुकानदार निळी ताडपत्री बांधतो, मग तिच्याखाली ओटला वाढतो आणि ओट्यावर माल येतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही; गिऱ्हाईक भिजत उभे राहणार नाही. तेव्हा सर्व दुकानांवर एकाच उंचीचे सलग छत आपल्या हद्दीतच दाखवून घ्यावे आणि ते क्षेत्रफळात मोजले जाते का, हे विकासकाच्या वास्तुविशारदाकडून लेखी घ्यावे. पाणी तुंबण्याच्या भीतीने जोते उंच केले, तर पायऱ्या व उतार दोन्ही हद्दीच्या आत बसले पाहिजेत. दुकानांसमोर कुंपणभिंत नको, आणि गाड्याही नकोत.

गाड्यांचा हिशेब मात्र टाळता येत नाही. दुकानांच्या पहिल्या 800 चौरस मीटरपर्यंत दर 40 चौरस मीटरमागे एक आणि त्यापुढे दर 80 मागे एक, असे वाहनतळाचे प्रमाण आहे. म्हणजे 400 चौरस मीटर दुकानांना 10 जागा लागतील. विकासक त्या समोरच्या मोकळ्या जागेत दाखवतो, कारण ते स्वस्त पडते, आणि मग प्रत्येक गाडी पदपथ ओलांडून आत येते. बाजूने एकच प्रवेश ठेवून गाड्या मागे किंवा तळघरात न्याव्यात, असा आग्रह धरावा. मालाचा टेंपो आणि ओल्या कचऱ्याचे डबे यांचीही सोय त्याच बाजूला असावी. रहिवाशांचा जिना व लिफ्ट यांचा दुकानांशी कोणताही संबंध नसावा.

खाद्यपदार्थांचे दुकान येणार असेल, तर धुराची नळी गच्चीपर्यंत नेण्याची जागा आताच राखावी. नंतर ती कोणाच्या तरी खिडकीजवळूनच जाते. पाट्यांसाठी शटरच्या वरच्या बाजूला एकसारखी पट्टी द्यावी. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यातील 2022 च्या दुरुस्तीनंतर पाटीवरची देवनागरी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत, हे पट्टीची उंची ठरवताना लक्षात घ्यावे.

हे सारे नकाशावर काढून घ्यावे, विकासकाबरोबरच्या करारनाम्याला तो नकाशा जोडावा, आणि कोणते व्यवसाय चालणार नाहीत याची यादी दुकानांच्या विक्रीकरारातही घालण्याची अट त्यात असावी. बैठकीतल्या तोंडी आश्वासनांवर दुकान विकत घेणारा बांधील नसतो.