पैसे मोजणाऱ्या खेळाडूलाच कुलपाचा जाच का?

संगणकावरील गेम आणि त्यांतील चोरीविरोधी सॉफ्टवेअर या विषयावर गेल्या काही आठवड्यांत बरीच पत्रे आली. त्यांतील पाच पत्रे, आवश्यक तेथे संक्षेप करून, उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : मी साठवलेल्या पैशांतून एक महागडा गेम विकत घेतला. माझ्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स ही कार्यप्रणाली आहे. गेम नीट चालावा म्हणून एका संध्याकाळी मी प्रोटॉनच्या (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) निरनिराळ्या आवृत्त्या लावून पाहिल्या, तेव्हा 'आज आणखी संगणकांवर हा गेम सुरू करता येणार नाही' अशा अर्थाची सूचना आली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गेम उघडलाच नाही. माझ्याकडे संगणक एकच आहे. वसतिगृहातील मित्र मात्र तोच गेम चोरीच्या प्रतीवर बिनदिक्कत खेळतो. हा कुठला न्याय? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली)

उत्तर : आपला संताप रास्त आहे. आपण वर्णन केलेला अडथळा 'डेन्यूव्हो' या चोरीविरोधी प्रणालीशी जुळतो. ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग येथील कंपनीने तयार केलेली ही प्रणाली 2014 मध्ये 'फिफा 15' या गेमपासून वापरात आली आणि 2018 मध्ये 'इर्डेटो' या डच कंपनीने ती विकत घेतली. तिचे काम असे चालते : गेम पहिल्यांदा उघडताना आपल्या संगणकाच्या सुट्या भागांची आणि त्यावरील कार्यप्रणालीची माहिती कंपनीच्या सर्व्हरकडे जाते, आणि त्या माहितीवरून फक्त त्याच यंत्रासाठीचा परवाना तयार होऊन परत येतो. गेममधील काही महत्त्वाच्या क्रिया अशा रीतीने गुंतागुंतीच्या करून ठेवलेल्या असतात की, तो परवाना जवळ नसेल तर त्या चालतच नाहीत. यंत्राची ओळख जराशी बदलली तरी प्रणालीच्या लेखी तो नवा संगणक ठरतो. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात अशा अनेक गेमच्या पानावर 'एका दिवसात पाच संगणक' ही मर्यादा लिहिलेली असते, आणि प्रोटॉनची प्रत्येक नवी आवृत्ती त्यांतील एक संगणक म्हणून मोजली जाऊ शकते. आपल्या बाबतीत बहुधा हेच घडले असावे. साधारण चोवीस तासांनी ही मोजणी पुन्हा सुरू होते. तोवर आवृत्ती बदलू नये, एवढाच उपाय खेळाडूच्या हाती आहे.

मित्राला हा त्रास का होत नाही, याचे उत्तर सरळ आहे. त्याच्या प्रतीतील तपासणी कोणीतरी आधीच निकामी केली आहे किंवा तिला फसवले आहे. म्हणजे कुलूप बसवले चोरासाठी आणि ते रोज उघडत बसायचे घरमालकाने, अशी ही स्थिती आहे, आणि ती आजची नाही. सप्टेंबर 2008 मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने 'स्पोर' हा गेम 'सिक्युरॉम' या प्रणालीसह बाजारात आणला, तेव्हा तो केवळ तीन वेळा सक्रिय करता येत असे. अ‍ॅमेझॉनवर ग्राहकांनी एका ताऱ्याच्या अभिप्रायांची रीघ लावली, अमेरिकेत खटला दाखल झाला आणि कंपनीला ही मर्यादा पाचपर्यंत वाढवावी लागली. कुलूप काढलेली प्रत मात्र अधिकृत विक्री सुरू होण्यापूर्वीच इंटरनेटवर फिरत होती, आणि त्या वर्षी सर्वाधिक चोरल्या गेलेल्या गेममध्ये 'स्पोर'चीच गणना झाली.

कधीकधी तर खेळाडूने काहीही बदललेले नसताना त्याला बाहेर थांबावे लागते. नोव्हेंबर 2021 मध्ये इंटेलने बाराव्या पिढीचे प्रोसेसर आणले. त्यांत दोन प्रकारचे गाभे (प्रत्यक्ष काम करणारे भाग, 'कोअर') असतात, वेगवान आणि वीज वाचवणारे. काही संरक्षण-प्रणालींना या दुसऱ्या प्रकारच्या गाभ्यांवर गेलेले काम दुसऱ्याच संगणकावर चालले आहे असे वाटले आणि पन्नासहून अधिक गेम नीट चालेनात. तात्पुरता उपाय म्हणून इंटेलने स्क्रोल लॉकची कळ दाबून ते गाभे बाजूला ठेवण्याची सोय सुचवली. नवा, महाग प्रोसेसर आणि रीतसर विकत घेतलेला गेम या दोहोंचे पैसे मोजलेल्या माणसाला प्रोसेसरचाच काही भाग बंद ठेवून खेळावे लागले, ही गोष्ट मला आजही अक्षम्य वाटते.

प्रश्न : अशा सॉफ्टवेअरमुळे गेमचा वेग कमी होतो, हे खरे की अफवा? (वाचक, नाशिक)

उत्तर : सरसकट विधान करणे चुकीचे ठरेल, कारण प्रणाली गेमच्या कोणत्या भागात आणि किती वेळा तपासणी करते यावर सर्व काही अवलंबून असते. तपासणी गेम उघडताना एकदाच होत असेल तर फरक जाणवत नाही. दर क्षणी चालणाऱ्या क्रियेत ती घातली असेल तर चित्र अडखळते. 'टेक्केन 7' या मारामारीच्या गेममधील एका पात्राच्या चालींच्या वेळी वेग घटत होता, तेव्हा त्याचे प्रमुख कात्सुहिरो हारादा यांनी 2018 मध्ये त्याचे कारण चोरीविरोधी सॉफ्टवेअर हेच असल्याचे उघडपणे सांगितले.

सर्वांत बोलका दाखला कॅपकॉमच्या 'रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज'चा आहे. हा गेम मे 2021 मध्ये आला आणि ऐन लढाईत शत्रू कोसळताना चित्र क्षणभर थबकते, अशी तक्रार खेळाडू पहिल्यापासून करत होते. जुलैमध्ये चोरीची प्रत बाहेर पडली आणि तीत हे थबकणे नाही, असे डिजिटल फाउंड्री या चाचणी करणाऱ्या गटाला आढळले. त्यानंतर काही दिवसांतच कॅपकॉमने दुरुस्ती दिली आणि संरक्षण-प्रणालीत बदल केल्याचे सांगितले. दुरुस्ती झाली हे चांगलेच. परंतु तक्रारी अडीच महिने ऐकू येत असताना जे झाले नाही ते चोरीची प्रत सरस ठरल्यावर झाले, याचे वाईट वाटते.

प्रश्न : आमच्या गावात पावसाळ्यात इंटरनेट दोन-दोन दिवस नसते. मुलाचा गेम एकट्यानेच खेळायचा आहे, तरीही तो इंटरनेटशिवाय सुरू होत नाही. असे गेम घेऊच नयेत का? (पालक, कुडाळ)

उत्तर : आपल्या भागातील परिस्थिती पाहता असे गेम टाळावेत, हेच माझे स्पष्ट मत आहे. सतत जोडणी मागणाऱ्या गेममध्ये आपली वायर तुटली तर आपण अडकतोच, परंतु कंपनीचा सर्व्हर कोसळला तर जगातील सगळेच ग्राहक अडकतात. युबिसॉफ्टने 2010 मध्ये 'असॅसिन्स क्रीड 2'च्या संगणक-आवृत्तीला अशी अट घातली आणि मार्चमध्ये त्यांच्या सर्व्हरवर हल्ला झाला, तेव्हा विकत घेतलेल्या लोकांनाच खेळता येईना. मार्च 2013 मध्ये 'सिमसिटी'च्या पहिल्याच आठवड्यात सर्व्हर इतके कोलमडले की, इलेक्ट्रॉनिक आर्ट्सला ग्राहकांना भरपाई म्हणून दुसरा गेम फुकट द्यावा लागला. जोडणीशिवाय खेळण्याची सोय त्या गेममध्ये वर्षभराने, 2014 मध्ये, आली.

याहून गंभीर प्रश्न सर्व्हर कायमचा बंद झाल्यावरचा आहे. युबिसॉफ्टने 2014 मध्ये विकलेला 'द क्रू' हा मोटारशर्यतीचा गेम 31 मार्च 2024 रोजी बंद केला. त्यात एकट्याने खेळायचाही मोठा भाग होता, तोसुद्धा गेला, आणि पुढे अनेकांच्या खात्यातून गेमचा परवानाच काढून घेण्यात आला. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि जुलै 2025 पर्यंत युरोपीय संघातील तिच्या अर्जावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्निया राज्याने तर 1 जानेवारी 2025 पासून असा कायदा लागू केला की, ग्राहकाला मालकी न मिळता केवळ वापराचा परवाना मिळत असेल तर विक्रेत्याने ते खरेदीच्या वेळी स्पष्ट सांगितले पाहिजे. आपल्याकडेही एवढी स्पष्टता सक्तीची व्हायला हवी.

मुलासाठी गेम घेताना 'जीओजी' हे पोलंडमधील दुकान पाहावे. तेथील एकट्याने खेळायचे गेम एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालतात, आणि त्यांची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर जपून ठेवता येते.

प्रश्न : मी एका लहान गेम-स्टुडिओत काम करतो. तीन वर्षांची मेहनत पहिल्या दिवशी फुकट वाटली जाते, तेव्हा काय वाटते हे खेळाडूंना कळत नाही. आपण कंपन्यांवर टीका करता, पण चोरीचे काय? (प्रोग्रॅमर, पुणे)

उत्तर : चोरी ही चोरीच आहे, आणि आपल्या श्रमांचे मोल मिळणे हा आपला हक्क आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. नुकसान काल्पनिकही नाही. 2013 मध्ये ग्रीनहार्ट गेम्स या छोट्या कंपनीने 'गेम डेव्ह टायकून'ची एक वेगळी प्रत मुद्दाम चोरीच्या संकेतस्थळांवर ठेवली; पहिल्या दिवशी खेळणाऱ्यांपैकी 93.6 टक्के लोकांकडे तीच प्रत होती. पुढे 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विल्यम व्होल्कमन यांच्या संशोधनात डेन्यूव्हो वापरणाऱ्या 86 गेमचा अभ्यास आहे. कुलूप पहिल्याच आठवड्यात तुटले तर उत्पन्न सरासरी 20 टक्क्यांनी घटते, असे त्यात आढळले.

परंतु त्याच संशोधनाचा दुसरा निष्कर्ष आपण आपल्या वरिष्ठांसमोर अवश्य ठेवावा. कुलूप बारा आठवडे टिकले, तर त्यानंतर ते तुटल्याने उत्पन्नावर जवळजवळ परिणाम होत नाही. म्हणजे या प्रणालीचा उपयोग पहिल्या तीन महिन्यांपुरता आहे, आणि ग्राहकाचा त्रास मात्र ती काढेपर्यंत चालू राहतो. काही कंपन्या काही महिन्यांनी ती काढून टाकतात. 'डूम'मधून ती सहा-सात महिन्यांत, डिसेंबर 2016 मध्ये, काढली गेली. माझी मागणी एवढीच आहे की, काढण्याची तारीख विक्रीच्या दिवशीच जाहीर करावी आणि ती पाळावी.

कुलपाविना विकण्याचा मार्गही बंद नाही. सीडी प्रोजेक्टने 2011 मध्ये 'द विचर 2'च्या पेटीबंद प्रतीतील सिक्युरॉम काही दिवसांतच पॅच (दुरुस्ती) देऊन काढले, आणि त्यामुळे गेमचा वेग 5 ते 30 टक्क्यांनी वाढल्याचे स्वतःच सांगितले. 2015 चा 'द विचर 3' कोणत्याही कुलपाशिवाय आला आणि 2023 पर्यंत सर्व यंत्रांवर मिळून त्याच्या पाच कोटींहून अधिक प्रती खपल्या. प्रत्येक स्टुडिओला हे साधेल असे नाही. आपल्यासारख्या लहान चमूला तर महागडी प्रणालीच परवडणार नाही. त्यामुळे ज्यांनी पैसे दिले त्यांना वेळेवर दुरुस्त्या आणि नीट चालणारा गेम देणे, यावरच आपली शक्ती खर्च करावी, असे मी सुचवीन.

प्रश्न : विकत घेतलेल्या गेमवरच क्रॅक (कुलूप निकामी करणारी फाइल) लावला तर गुन्हा होतो का? आणि गेम चालला नाही तर दाद कुठे मागायची? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : 1957 च्या प्रताधिकार कायद्यात 2012 साली कलम 65अ जोडले गेले. हक्कभंग करण्याच्या हेतूने संरक्षण-प्रणाली निष्प्रभ करणाऱ्याला त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाची तरतूद आहे. कलमात हेतूची अट असली तरी आपल्या हेतूचा वाद न्यायालयात नेण्याची वेळ कशाला आणावी? शिवाय क्रॅकच्या फायलींतून संगणकात घातक सॉफ्टवेअर शिरण्याचा धोका फार मोठा आहे. त्या वाटेला जाऊ नये.

गेम घेण्याआधी स्टीमच्या पानावर उजव्या बाजूला चोरीविरोधी प्रणालीची नोंद आहे का, ते पाहावे. घेतल्यावर गेम चालला नाही तर 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असताना स्टीमकडे परतावा मागता येतो. जीओजीवर ही मुदत 30 दिवसांची आहे. तेथे दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील ई-व्यापाराच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनांचा समावेश आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे आपण राहता त्या जिल्ह्यातूनच, दोन वर्षांच्या आत, तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. खरेदीची पावती, पडद्यावरील त्रुटीचे छायाचित्र आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार तक्रारीसोबत जोडावा.