राउंडक्यूब या वेबमेलमध्ये (ब्राउझरमधून ईमेल वापरायचं सॉफ्टवेअर) सगळ्या युजर्सचे ईमेल पत्ते एकदम कसे बदलायचे?
कंपनीचं डोमेन बदललंय आणि एकेकाचा पत्ता हाताने बदलत बसायचं नाहीये, तर ते एका क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या एकाच आदेशात होतं. पण आधी डेटाबेसचा डंप म्हणजे पूर्ण कॉपी घ्या, खरंच घ्या, आमच्या महापेच्या ऑफिसात एकदा व्हेअर (कोणत्या ओळी बदलायच्या ती अट) लावायचं राहिलं आणि रात्रभर निस्तरत बसलो. पत्ता युजर्स टेबलात नाही, आयडेंटिटीज टेबलातल्या ईमेल कॉलममध्ये असतो, तिथे अपडेटमध्ये रिप्लेस वापरून ॲटच्या चिन्हासकट जुनं डोमेन काढून तसंच ॲटसकट नवीन टाका, व्हेअरमध्ये लाइक लावून फक्त जुन्या डोमेनवाले पकडा, तीच अट आधी सिलेक्टला (ते ओळी फक्त दाखवतं, बदलत नाही) लावून बघा. लॉगिन पूर्ण ईमेलने होत असेल तर युजर्समधलं युजरनेमपण बदला, नाहीतर पुढच्या लॉगिनला नवीनच युजर तयार होतो आणि जुने कॉन्टॅक्ट, सेटिंग काहीच दिसत नाही.