बालमेंदूचं संशोधन करायचंय, मग गणित सोडू का?

प्रश्न : मुलगी यंदा अकरावी सायन्सला आहे. लहान मुलांच्या मेंदूची वाढ स्कॅनमधून अभ्यासायचं तिच्या मनात आहे. गणित सोडून फक्त बायॉलॉजी ठेवते म्हणते. एमबीबीएसशिवाय मार्ग आहे का?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, मार्ग आहे. पण गणित सोडू देऊ नका.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, त्यामुळे निरोगी मुलांचेही स्कॅन वर्षानुवर्षं घेता येतात. मुलांच्या मेंदूची वाढ पाहणाऱ्या अमेरिकेतल्या ‘एबीसीडी’ अभ्यासात ९-१० वर्षांची जवळजवळ १२ हजार मुलं घेतली. दर दोन वर्षांनी त्यांचा एमआरआय होतो. एवढी मुलं कशाला? मेंदूची रचना आणि मुलाचं वागणं यांचा संबंध बहुधा इतका पुसट असतो, की पंचवीस-तीस मुलांवर काढलेला निष्कर्ष पुढच्या पंचवीस मुलांत सापडतच नाही. त्यात मुलं चुळबुळी! डोकं जरासं हललं तरी आकडे बिघडतात, आणि लहानगी जास्त हलतात. मग वयामुळे वाटलेला फरक निव्वळ हालचालीचा निघू शकतो. म्हणून आधी नकली स्कॅनरमध्ये सराव करून घेतात. त्यानंतरचं बरंचसं काम म्हणजे संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग. मेंदूची ती रंगीत चित्रं अगदी शेवटी येतात.

तेव्हा पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायॉलॉजी) घ्या. नीटचा पर्याय राहतो, आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षाही देता येते. तिच्यात गणिताचेही प्रश्न असतात. पुढे मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बेंगळुरूची मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञान संस्था निम्हान्स, आयआयटी गांधीनगरचा कॉग्निटिव्ह सायन्सचा (मन-बुद्धी कशी चालते याचा) अभ्यासक्रम पाहा. पीएचडी धरून बारावीनंतर दहाएक वर्षं जातात, हे घरात आत्ताच बोलून घ्या. तिला आजारी मुलांना बरं करण्यातच रस असेल, तर मात्र एमबीबीएस, मग बालरोग आणि पीडियाट्रिक न्यूरॉलॉजी. ती वाट वेगळी, तीही लांबचीच.

 

सुट्टीत तिला थोडं पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) शिकू द्या. ‘नायलर्न’ या पायथनच्या मोफत पॅकेजमधून १२२ मुलं आणि ३३ प्रौढ यांचे छोटी ॲनिमेशन फिल्म पाहताना घेतलेले स्कॅन उतरवून घेता येतात, उदाहरणंही सोबत आहेत. नावगाव काढलेला डेटा आहे, परवानगीची कटकट नाही. आठवडाभर त्यात डोकं घालून पाहू दे. विषयांचा फॉर्म त्यानंतर भरा.