नऊ ठिकाणं नको, तीन पुरे

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही नागपूरचेच, मनीषनगरला राहतो. डिसेंबरमधे माझी नणंद कोल्हापूरहून येऊन राहिली आहे, सोबत तिचे सासरे (सत्तरी पार, गुडघे दुखतात) आणि दोन मुलं, आठ आणि बारा वर्षांची. त्यांच्याकडे फक्त एक दिवस मोकळा आहे, मी लिस्ट केली तर नऊ ठिकाणं झाली: अजब बंगला (सरकारी संग्रहालय), रमण विज्ञान केंद्र, रेल्वे म्युझियम, दीक्षाभूमी, सीताबर्डीचा किल्ला, झिरो माइल, ड्रॅगन पॅलेस (बौद्ध विहार), फुटाळा तलाव आणि रामटेक. गाडी करावी का? कुठून सुरुवात करू?

उत्तर: ताई, लिस्ट छान आहे पण ती तीन दिवसांची आहे. रामटेकच जाऊन-येऊन शंभर किलोमीटर होतं, त्यात गडाच्या पायऱ्या, आजोबांचे गुडघे बघता ते पुढच्या वेळेसाठी ठेवा. ड्रॅगन पॅलेस कामठीला, फुटाळा दुसऱ्या टोकाला, किल्ला त्या दिवशी उघडा नसणार (खाली त्यावर वेगळा प्रश्न आहेच). माझं मत विचाराल तर तीनच ठिकाणं घ्या, अजब बंगला, नॅरोगेज रेल्वे म्युझियम आणि दीक्षाभूमी, आणि तिन्ही मेट्रोच्या ऑरेंज लाइनने करा. पाहुण्यांना शहर धावत दाखवलं की संध्याकाळी त्यांना ट्रॅफिकच आठवतं, हे मी फार पाहिलंय.

गाडी नको म्हणते त्याला अजून एक कारण आहे. डिसेंबरमधे हिवाळी अधिवेशन असतं, मोर्चे निघतात, विधानभवनाकडचे आणि सिव्हिल लाइन्सचे रस्ते कधी बंद होतील नेम नसतो. मेट्रो वरून निघून जाते, स्टेशनवर लिफ्ट आहे, आजोबांना जिने चढायला नकोत. तुम्हाला तर घराजवळूनच बसता येईल. फक्त सोमवार टाळा, अजब बंगला आणि रेल्वे म्युझियम दोन्ही सोमवारी बंद असतात.

सकाळी कस्तुरचंद पार्कला उतरा. तिथे तर्री पोहे (वर तिखट रस्सा घातलेले) खाऊन घ्या, कोल्हापूरकरांना तर्री दाखवायला संकोच करू नका, मुलांना मात्र तर्री वेगळी मागा. मग ऑटोने अजब बंगला, चालायला अंतर फार नाही पण आजोबांची शक्ती आतसाठी राहू द्या.

अजब बंगल्याला दिवसातला सगळ्यात जास्त वेळ द्या, निदान अडीच तास. नागपूरचे लोक लहानपणी शाळेच्या सहलीत एकदा पेंढा भरलेला वाघ पाहतात आणि मग आयुष्यभर तिकडे फिरकत नाहीत, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. 1863 सालचं संग्रहालय आहे हे, राज्यातल्या सगळ्यात जुन्यांपैकी. मुलं आधी प्राणी-पक्ष्यांकडे पळतील, पळू द्या, नंतर त्यांना पुरातत्त्वाच्या दालनात आणा आणि गुंगेरियाची तांब्याची अवजारं विचारा. 1870 मधे बालाघाटकडच्या ह्या गावात तांब्याची 424 अवजारं एकाच जागी सापडली, आपल्याकडच्या ताम्रनिधींमधली ही फार मोठी ठेव, काही लंडनला ब्रिटिश म्युझियममधे गेली आणि काही इथे आहेत. बारा वर्षांच्या मुलाला हे सांगून द्या की लोखंड हाती यायच्या आधीची माणसं ह्याच जंगलपट्टीत राहायची, मग ती कुऱ्हाड त्याला नुसता धातूचा तुकडा वाटणार नाही. मूर्ती आणि शिलालेख सावकाश बघा. भोसल्यांच्या काळातली शस्त्रं आजोबांना आवडतील. आणि गोंड, कोरकू वगैरे आदिवासींच्या वस्तूंचं दालन घाईत सोडू नका. नागपूर शहर वसवलं गोंड राजा बख्त बुलंदशहाने, 1702 च्या सुमारास, भोसले नंतर आले, आणि आपल्यालाच हे पटकन आठवत नाही तर पाहुण्यांना कोण सांगणार! दोन दालनं झाली की आजोबांना जरा बसू द्या, सगळं एका दमात होत नाही.

जेवण बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात करा. सावजी, म्हणजे आपलं झणझणीत मसाल्याचं जेवण, चालत असेल तर सावजी, पण मुलं आणि आजोबा सोबत आहेत तर पाटोडी रस्सा किंवा वडा-भात बरा.

दुपारी मेट्रोने कडबी चौक. वाटेत गड्डीगोदामला मुलांना खिडकीशी उभं करा, तिथे खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर आपली मेट्रो, असे चार थर आहेत. कडबी चौकाजवळ मोतीबागेत नॅरोगेज म्युझियम आहे, 2002 मधे सुरू झालं. दोन रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट, त्यावरची जुनी वाफेची इंजिनं, डबे, कंदील, सिग्नलची उपकरणं. 2015 पर्यंत इतवारीहून छिंदवाड्याला ही छोटी गाडी जायची, सातपुड्यातून, किती घरांची माहेर-सासरची ये-जा तिनेच झाली. मुलांसाठी टॉय ट्रेन आहे आणि आजोबांना बसायला सावली. इथे तास-दीड तास पुरे.

मग परत दक्षिणेकडे, रहाटे कॉलनी स्टेशन, तिथून ऑटोने दीक्षाभूमी, चारच्या सुमारास पोचा म्हणजे ऊन उतरलेलं असतं. 14 ऑक्टोबर 1956 ला अशोक विजयादशमीच्या दिवशी बाबासाहेबांनी कुशीनगरच्या भदंत चंद्रमणी महास्थवीरांकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मग समोरच्या लाखो लोकांना स्वतः दिली, ती ही जागा. स्तूप शिवदान मल यांनी डिझाइन केलेला, आतून पोकळ, उंची आणि व्यास दोन्ही 120 फूट, उद्घाटन 2001 मधे राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झालं. जोडे बाहेर काढा, आत बोलणं कमी. बोधिवृक्षाखाली बसा आणि बाबासाहेबांनी दीक्षेच्या वेळी दिलेल्या 22 प्रतिज्ञा मोठ्या मुलाला स्वतः वाचू द्या, वाचून प्रश्न विचारेल तर उत्तर द्या, टाळू नका. लोक बाहेरून फोटो काढून निघतात, तुम्ही तसं करू नका.

झिरो माइलचा दगड आणि चार घोडे मेट्रोतून येता-जाता स्टेशनजवळ उतरून दहा मिनिटांत होतात, वेळ असेल तरच. उतरलात तर जवळच गोवारी शहीदांचं स्मारक आहे, 23 नोव्हेंबर 1994 ला अधिवेशनावर आलेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन गोवारी समाजाची 114 माणसं गेली, तिथेही दोन मिनिटं थांबा. रमण विज्ञान केंद्र चांगलंच आहे, तारांगणही आहे, पण त्याला अर्धा दिवस लागतो, मुलं परत येतील तेव्हा द्या.

प्रश्न: सीताबर्डीचा किल्ला नेमका कधी पाहता येतो? नोकरीसाठी वर्ध्याहून रोज येतो, रोज खालून दिसतो, आत कधी गेलो नाही.

उत्तर: किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे भाऊ, सामान्य लोकांसाठी 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट ह्या दिवशी उघडतात. तुम्ही 26 जानेवारीच धरा, मे महिन्यात टेकडी चढताना जीव जातो आणि ऑगस्टमधे पाऊस. नोव्हेंबर 1817 मधे अप्पासाहेब भोसल्यांची इंग्रजांशी लढाई झाली ती ह्याच टेकड्यांवर, आणि गांधीजींना काही दिवस इथेच कैदेत ठेवलं होतं असं सांगतात, ती खोली विचारून बघा. सकाळी लवकर या, दहानंतर रांग वाढते, आणि ओळखपत्र सोबत असू द्या.